ठोंब्याची साथ

ज्या माणसाला आयुष्यात कधी कुठं वेळेवर पोचता आलं नाही, त्या माणसाने साठी उलटल्यावर व्हायोलिन शिकायला घेतलं, आणि तेही फोनवरून. ही हकिगत रडत सांगावी की चिडत, हे माझं अजून ठरलेलं नाही. बहुतेक चिडतच सांगेन, कारण ते मला जास्त चांगलं जमतं.

आमचं फ्रेमचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर, मध्ये लाकडी जिना. त्या जिन्याची एक पायरी आमचे हे आमचं लग्न झाल्यापासून दुरुस्त करणार आहेत. दुकानाचा पुढचा भाग माझा: काउंटर, गिऱ्हाईक, भिंतीवर लावलेले नमुन्याचे कोपरे. मागची खोली यांची. तिथे काचा उभ्या करून ठेवलेल्या, लाकडी पट्ट्यांचे भारे, कापायचं टेबल, आणि सगळ्यावर भुशाचा एक थर. यांच्या कामाला कुणी नाव ठेवणार नाही. कोपरा असा जुळतो की नख जात नाही. पण वेळ! पट्टी मोजतील, खूण करतील, चष्मा पुसतील, परत मोजतील, मग पट्टी टेबलावर ठेवून तिच्याकडे बघत बसतील. मी एकदा विचारलं, "आता काय बघताय?" तर म्हणाले, "तिला बसू दे जरा." लाकडाला बसू दे! लग्नाचा फोटो टाकून गेलेली जोडपी मूल कडेवर घेऊन फ्रेम न्यायला येतात, आणि त्यांच्याशी गोड बोलायचं काम माझ्याकडे.

यांना एक थोरली बहीण. सगळे त्यांना ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणते. ताईंनी लग्न केलं नाही. बसस्टँडवर घोषणा द्यायची नोकरी केली आणि कायम आमच्याबरोबर राहिल्या. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली रद्द झाली, सगळं गाव त्यांच्या तोंडून ऐकायचं. चेहरा कुणाला माहीत नव्हता, पण आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. बाजारात त्यांनी नुसतं "जरा सरका" म्हटलं, तरी आजूबाजूची माणसं आपापलं सामान उचलून उभी राहत.

घरातही त्या घोषणाच करत. "जेवायला वाढलेलं आहे. उशिरा येणाऱ्यांना गार मिळेल." ही घोषणा अर्थातच यांच्यासाठी असे. माझ्यासाठीच्या घोषणेची सुरुवात वेगळी होती. "तुझं ना," असं म्हणून त्या एक क्षण थांबत, आणि मग माझ्या पाठीवर काय पडायचं ते पडे. तुझं ना, मीठ टाकताना लक्ष नसतं. तुझं ना, दार लावताना घर हलतं. "तुझं ना" ऐकलं की माझे कान आपोआप तापत. आणि मीही काही मूग गिळून बसणारी नाही. आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. हे मागच्या खोलीत पट्ट्या मोजत बसत आणि आमचं संपल्यावर बाहेर येऊन विचारत, "काही म्हणालात का?"

त्या दिवशी सकाळी मी पुढच्या भिंतीवर एक मोठी फ्रेम लावली होती, नमुना म्हणून. रिकामीच, पण नक्षीची. ताई जिना उतरून दुकानात आल्या, कमरेवर हात ठेवून भिंतीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुझं ना..."

मी हातातलं फडकं टाकलं आणि वळले. माझं उत्तर तयार होतं, वाक्य येऊ दे म्हणून थांबले होते. ते आलंच नाही. ताईंचं तोंड एका बाजूला ओढल्यासारखं झालं, त्या स्टुलावर बसल्या, आणि त्यांचा उजवा हात काउंटरवरून खाली घसरला.

मेंदूत गुठळी झाली होती. पुढचे आठवडे दवाखान्यात कसे गेले ते सांगत नाही. हात हळूहळू हलू लागला, काठी घेऊन पायही चालू लागला. बोलणं मात्र गेलं. समजत सगळं होतं. मी कुणाकुणाला काय काय सांगते हे त्या डोळे बारीक करून ऐकत, म्हणजे अक्कल जागेवर होती. पण तोंडातून एकच शब्द निघे: "नाही." चहा हवा का? "नाही," आणि हात कपाकडे. पंखा लावू? "नाही," आणि मी नाही लावला की रागाने डोळ्यांत पाणी. ज्या बाईने सगळ्या गावाला गाड्या दाखवल्या तिला पाणी मागता येईना. मला फार वाईट वाटायचं, आणि त्याहून जास्त राग यायचा. माझं भांडण अर्ध्यावर तोडून ही बाई गप्प बसली होती. "तुझं ना" काय? माझं काय? हे मला कळायलाच हवं होतं.

मग दवाखान्यातच एके सकाळी हे खुर्चीत बसल्या बसल्या झोपले होते. खिडकीतलं ऊन तोंडावर आलं तरी पत्ता नाही. मी चहा घेऊन आत आले तर ताई यांच्याकडे बघत होत्या आणि गात होत्या. हो, गात होत्या, शब्दांसकट.

*ऊठ रे ठोंब्या, ऊन आलं,*
*दाराशी दूध येऊन गेलं,*
*सगळ्यांचं आवरून झालं,*
*तुझंच घोडं कुठं अडलं?*

हे गाणं आमच्या सासूबाईंनी केलेलं. लहानपणी यांना उठवायला सगळ्या घराला घाम फुटायचा, म्हणून. सासूबाईंच्या मागे ताईंनी ते चालू ठेवलं, आणि यांचं नावही त्यांच्या तोंडी ठोंब्याच राहिलं. माझ्या हातातला चहा सांडला. मी धावत पुढे झाले आणि म्हटलं, "ताई! पाणी हवं का?"

"नाही," ताई म्हणाल्या आणि पेल्याकडे हात केला.

बोलणं शिकवायला एक बाई घरी येऊ लागल्या. स्पीचवाल्या बाई म्हणतो आम्ही त्यांना. त्यांनी समजावून सांगितलं की बोलण्याची वाट बंद झाली तरी गाण्याची वाट कधी कधी उघडी राहते, आणि त्या वाटेने थोडे थोडे शब्द बाहेर आणता येतात. रोज ताईंनी तेच गाणं म्हणायचं आणि कुणीतरी बरोबर तो सूर धरायचा. त्या अडल्या की थांबायचं, शब्द आला की पुढे जायचं. "फोनवर रेकॉर्डिंग लावू नका," त्या म्हणाल्या. "रेकॉर्डिंग माणसासाठी थांबत नाही. इथे थांबणारं माणूस हवं. आणि हे पहिले काही महिनेच महत्त्वाचे. त्या कंटाळल्या, हिरमुसल्या, की पुढे फार अवघड होतं."

मी यांच्याकडे बघितलं. थांबण्यात यांचा हात धरणारा आजवर कुणी जन्माला आलेला नाही. देवाने, म्हटलं, या माणसाचा उपयोग शेवटी काढलाच.

पण यांना गाता येत नाही. हे गुणगुणतात तेव्हा गिऱ्हाईक विचारतं, कुणाला बरं नाही का. माझा आवाज भाव ठरवण्यापुरता, आणि माझ्याबरोबर गायचं म्हटलं तर ताईंनी पुन्हा तोंड उघडलंच नसतं. मग हे स्टुलावर चढले आणि काउंटरमागच्या भिंतीवरून ते व्हायोलिन काढलं.

त्या व्हायोलिनची एक गंमत आहे. एक गिऱ्हाईक ते घेऊन आलं होतं, वडिलांचं होतं, काचेच्या पेटीत बसवून द्या म्हणालं. यांनी मखमलीच्या कापडावर ते असं सुरेख बसवलं, आणि बसवायला एवढा वेळ लावला, की गिऱ्हाईक गाव सोडून गेलं. चिठ्ठी पाठवली तर उत्तर आलं, आता तुम्हीच ठेवा. तेव्हापासून ते भिंतीवर होतं. यांनी काचेच्या कडेचे खिळे एकेक करून उपटले, आणि कधी नव्हे ते भराभर.

"तुम्ही वाजवणार?" मी म्हटलं.

"शिकीन की," हे म्हणाले. "एकच तर गाणं आहे."

एकच गाणं! आमची मुलगी नोकरीसाठी दूर असते. तिने तिकडून शोधाशोध करून एक ऑनलाइन शिकवणाऱ्या बाई ठरवून दिल्या. त्या आणखी कुठल्या तिसऱ्याच गावात. वयाने आमच्या मुलीएवढ्या, मागे कपाट अर्धं उघडं आणि त्यातून एक ओढणी कायम लोंबणारी. त्यांच्या क्लासच्या वेळी मला ती ओढणी आत सारावीशी वाटायची.

आमच्या घरी नेट येतं ते फक्त मागच्या खोलीत, काचा उभ्या ठेवायच्या घोडीजवळच्या खिडकीत. तिथे यांनी फ्रेमचे कोपरे आवळायच्या शिकंज्यात फोन आवळून उभा केला. जिना चढता येत नाही म्हणून ताईंचा पलंगही आम्ही खालीच टाकला होता, त्याच खोलीत, हार्डबोर्डचा आडोसा करून. त्यामुळे पहिल्या दिवसापासून सगळं ताईंच्या कानांवर पडत होतं.

पहिला क्लास म्हणजे "आवाज येतोय का?" हा एकच प्रश्न होता. इकडून हे विचारत, तिकडून त्या. मग त्यांचं चित्र गोठलं, तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, आणि हे त्या चित्राला अदबीने मान हलवत राहिले. मी म्हटलं, "अहो, त्या अडकल्यात." म्हणाले, "असू दे, विचार करत असतील."

मग खुंट्या पिळणं. "काका, वरची तार थोडी घट्ट करा. थोडी. थोडी म्हटलं ना!" तार तुटली. दुसरी आणली, तीही तुटली. तारांखालची लाकडी घोडी घसरून पडली, ती यांनी चिकटवून टाकली, आणि चिकटवायची नसते हे कळल्यावर ती काढण्यात दोन क्लास गेले. गजाला राळ लावायची असते, ती एवढी लावली की काचा पुसताना फडकं चिकटू लागलं. आणि आवाज? पुढे काउंटरवर एक गिऱ्हाईक मला हळूच म्हणालं, "मागे मांजर अडकलंय का हो?" आडोशापलीकडून ताई डाव्या हाताने हार्डबोर्डवर धपाधप मारत. "नाही! नाही! नाही!" त्या दिवसांत आम्हा नणंद-भावजयांचं पहिल्यांदा एकमत झालं.

पण हे हटले नाहीत. काम मंद करणारा माणूस सोडतही मंदपणेच, म्हणजे सोडतच नाही. हळूहळू त्या केकाटण्यातून सूर दिसायला लागला. मग एक दिवस ओळखू येईल असं "ऊठ रे ठोंब्या" वाजलं, आणि मी काउंटरवर उभी होते ती तशीच उभी राहिले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

तिथेच सगळं बिघडलं. बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "काका, मी आधी वाजवणार, मग तुम्ही. दोघांनी एकदम वाजवायचं नाही, ऑनलाइनवर ते जमत नाही." पण गाणं बसल्यावर यांनी हट्ट धरला. "बाई, मला एकट्याने वाजवायचंच नाहीये. मला साथ करायची आहे. तुम्ही म्हणा, मी बरोबर वाजवतो." बाईंनी दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा कंटाळून हो म्हटलं. असा हट्ट यांनी आयुष्यात फार वेळा केला नाही, आणि केला तो हा.

मग सुरू झालं. बाई गात, बाजूला त्यांचं टिकटिक यंत्र. हे वाजवत. आणि बाई म्हणत, "काका, मागे पडताय. जरा आधी या." हे जरा आधी येत. "अजून मागे आहात, काका. आधी या." हे घाम पुसून आणखी आधी येत. रोज तेच. आधी या, काका. आधी या. मी पुढून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, बाई, शुभेच्छा तुम्हाला. मी एवढी वर्षं हेच सांगते आहे.

आणि काय आश्चर्य, एक दिवस बाई म्हणाल्या, "वा काका! आता अगदी बरोबर!" हे मागच्या खोलीतून पुढे आले ते काउंटरला टेकून उभे राहिले. "बाई म्हणाल्या, तालात आलो," म्हणाले. चेहरा असा की मी चिडवायचं ठेवूनच दिलं.

दुसऱ्या दिवशी हे ताईंपाशी व्हायोलिन घेऊन बसले. ताईंनी तोवर स्पीचवाल्या बाईंबरोबर चारही ओळी म्हणायला सुरुवात केली होती, अडखळत का होईना. ताईंनी सूर लावला. "ऊठ रे..." तोपर्यंत यांचा गज ठोंब्यावर. ताई घाईघाईने ठोंब्यावर आल्या, तर हे उन्हात. ताई गोंधळल्या, थांबल्या. पुन्हा. पुन्हा तसंच. जणू गाडी सुटतेय आणि हे पायरीवर उडी मारून चढतायत. मी म्हटलं, "अहो, त्यांना म्हणू तरी द्या!" तर हे म्हणाले, "मी तालातच आहे. विचार बाईंना."

असे किती दिवस गेले! रोज ताई सुरुवात करत, रोज हे पुढे पळत, रोज त्या थांबत. चार ओळींच्या तीन झाल्या, तिनांची एक. मग त्या यांच्या हातात व्हायोलिन दिसलं की भिंतीकडे तोंड फिरवू लागल्या. त्यांना वाटलं असणार, आपल्यालाच आता गाणंही येत नाही. स्पीचवाल्या बाईंनी मला दाराशी नेऊन विचारलं, "काय झालं? मागे पडल्यात या. त्यांनी हे सोडलं तर माझ्या हातात दुसरं काही नाही." मी आत आले तर ताईंचे डोळे मिटलेले होते, पण त्या झोपलेल्या नव्हत्या. एवढी वर्षं ज्या बाईने मला एक दिवस सुखाने जगू दिलं नाही, ती आता मुकी राहणार, या विचाराने मी मटकन पायरीवर बसले. त्याच, दुरुस्त न झालेल्या. ती करकरली.

राग कुणावर तरी काढायलाच हवा होता. क्लासच्या वेळी मी तडक मागच्या खोलीत गेले. बाई गात होत्या, टिकटिक चालू होतं, हे डोळे मिटून वाजवत होते. मी दाराशी उभी राहून नीट ऐकलं. बाईंचा शब्द यायच्या आत यांचा सूर येत होता. प्रत्येक शब्दाला. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण कोण आधी बोललं हे मला लगेच कळतं, ती सवय या घरात झाली आहे.

मी फोनसमोर जाऊन उभी राहिले. "बाई, हे काय शिकवलंय तुम्ही यांना? हे तुमच्या पुढे पळतायत."

"नाही हो काकू," बाई म्हणाल्या, "आत्ता तर कुठे अगदी बरोबर येतायत."

"तुम्ही बहिऱ्या की मी?"

"माझ्या कानांना तर..." बाई म्हणाल्या आणि थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "काकू, एक करा. मी एक, दोन, तीन म्हणते. तीनला माझ्याबरोबर टाळी वाजवा. तुम्ही वाजवा हं, काकांनी नको."

एक, दोन, तीन. मला तीन ऐकू आलं तेव्हाच मी टाळी वाजवली, त्यांची टाळी आणि माझी एकदम. मी म्हटलं, "झालं ना बरोबर?" पण बाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

"तुमची टाळी मला आत्ता आली," त्या म्हणाल्या. "माझी वाजून झाल्यावर. अरे देवा, काका!"

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा आवाज आमच्यापर्यंत यायला वेळ लागतो, आमचा त्यांच्यापर्यंत जायला वेळ लागतो, आणि आमचं नेट म्हणजे तर बैलगाडी. हे बरोबर वाजवत होते तेव्हा तिकडे ते उशिरा पोचत होतं. म्हणून त्या आधी या म्हणत राहिल्या, आणि हे येत राहिले. आता हे तिकडे बरोबर पोचत होते, म्हणजे इथे, या खोलीत, आडोशापलीकडच्या बाईच्या आधी धावत होते.

"मी नको म्हटलं होतं, काका," बाई रडवेल्या झाल्या. "बरोबर वाजवायचं नाही म्हटलं होतं."

"तुम्ही आधी या म्हणालात," हे म्हणाले. "मी आलो."

मी यांच्याकडे बघतच राहिले. लग्नाला उशिरा आलात, मुलगी जन्मली तेव्हा उशिरा आलात, मी आधी या, आधी या म्हणून घसा कोरडा केला तेव्हा हलला नाहीत. आणि फोनमधली एक पोर म्हणते म्हणून आलात! आणि कुठं आलात, जिथं थांबायला हवं होतं तिथं! हे सगळं मी मोठ्याने म्हटलं. बाईंचं चित्र तेवढ्यात गोठलं, त्यांनी किती ऐकलं कोण जाणे.

चूक कळली म्हणून हाताला कळते थोडीच. दुसऱ्या दिवसापासून हे मुद्दाम मागे राहायला बघत, आणि गज आपोआप पुढे जाई. "हात ऐकत नाही," हे म्हणत. बाईंनी क्लासची रीतच बदलली. "आता मी गाणारच नाही. तुम्ही ताईंबरोबर वाजवा, मी नुसतं ऐकते." मग शिकंज्यातला फोन ताईंच्या पलंगाकडे वळवला. पण ताई गायला तयार नव्हत्या. मी रोज सकाळी त्यांना चिडवायची, "गा हो ताई, नाही तर मीच गाईन." ही धमकी त्यांना पुरेशी वाटली नाही.

एके दुपारी मी खरंच गायला लागले. "ऊठ रे ठोंब्या..." माझा तो आवाज. ताईंनी दोन शब्द सहन केले. मग भिंतीकडचं तोंड इकडे वळलं, डोळ्यांत जुना राग, आणि माझं गाणं बंद पाडायला म्हणून त्यांनी स्वतः सुरू केलं. मी गप्प झाले. यांनी घाईघाईने गज उचलला.

"ऊठ रे..." आणि हे गेले पुढे. ताई थांबल्या. पुन्हा सुरुवात. हे पुन्हा पुढे. तिसऱ्यांदा ताईंनी श्वास घेतला, त्यांचे ओठ उघडले, आणि शब्द फुटायच्या आत गज तारेवर. ताईंचा डावा हात पलंगाच्या दांडीवर आपटला.

"थांब ना, ठोंब्या!"

बसस्टँडवरचा आवाज. तोच, खणखणीत, शेवटच्या फलाटापर्यंत जाणारा. पुढे काउंटरवर एक गिऱ्हाईक माझी वाट बघत होतं. नंतर बघते तर ते आपली पिशवी उचलून उभं.

ताईंनी स्वतःचाच आवाज ऐकला होता आणि हात तोंडावर ठेवला होता. गाण्यात नसलेला शब्द. त्यांचा स्वतःचा. हे ठोंब्यासारखे बघत होते. मग यांनी गज खाली घेतला, मांडीवर ठेवला, आणि लाकडाकडे बघत बसतात तसे ताईंकडे बघत बसले. फोनमधून बाई विचारत होत्या, "काका, काय झालं? मला काहीच ऐकू येत नाहीये. आवाज येतोय का माझा?"

ताईंनी सुरुवात केली. ऊठ, रे, ठोंब्या. यांनी वाट बघितली आणि मग गज ठेवला, त्यांच्या शब्दाच्या मागे. दुसरी ओळ. तिसरी. चौथीला "तुझंच" म्हणून ताई अडल्या. माझ्या जिभेवर पुढचा शब्द आला होता, मी ओठ दाबून धरले. यांचा गज हवेत तसाच. हा माणूस किती वेळ थांबू शकतो हे मला माहीत आहे, त्या दिवशी त्याहून जास्त थांबला. "घोडं," ताई म्हणाल्या, आणि यांनी घोडं वाजवलं.

स्पीचवाल्या बाईंना सांगितलं तर त्यांनी मला "थांब ना" परत परत म्हणायला लावलं, कसं म्हणाल्या, कुठल्या सुरात. "रागावू द्या त्यांना," त्या म्हणाल्या. "रागातून येतंय तर येऊ द्या." अहो, राग हवा होता तर मला विचारायचं होतं! त्या कामात मी आयुष्य घालवलंय. मग मी मीठ जास्त टाकू लागले, दार आपटू लागले. एकेक शब्द येऊ लागला. "खारट." "हळू." यांच्या पट्ट्यांकडे बघून "लवकर." हे रोज संध्याकाळी वाजवत, आणि एखाद्या दिवशी पुढे धावले की आडोशापलीकडून "थांब" येई. बाई फोनवरून हसत.

मग एके सकाळी मी पुढे काचा पुसत होते तर काठीचा आवाज आला. ताई मागच्या खोलीतून चालत दुकानात आल्या होत्या, त्या दिवसानंतर पहिल्यांदा. काठी काउंटरला टेकवली, कमरेवर हात ठेवला आणि भिंतीकडे बघत राहिल्या.

"तुझं... ना..."

मी फडकं खाली ठेवलं. हे मागून आले, दारात उभे राहिले आणि मदत करायला तोंड उघडलं. "तुझं ना, चहाचं..."

"थांबा हो!" मी म्हटलं.

हे थांबले. मी थांबले. ताईंचे ओठ हलत होते, शब्द येत होता आणि परत जात होता. रस्त्यावरून एक गाडी गेली, काचा थरथरल्या आणि शांत झाल्या.

"तुझं ना," ताई म्हणाल्या, "एक... एक पण... सरळ... नसतं."

आणि हात वर केला. मी बघितलं. ती नक्षीची रिकामी फ्रेम. त्या सकाळपासून कुणी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. एका बाजूला चांगली बोटभर कललेली.

माझं उत्तर इतके महिने तयार होतं. "फ्रेम सरळ आहे," मी म्हटलं. "भिंत वाकडी आहे."

"नाही," ताई म्हणाल्या. इतके महिने त्या नाही म्हणत आल्या होत्या, पण हे नाही त्यांना म्हणायचं होतं.

हे माप घ्यायची पट्टी आणायला आत गेले, म्हणजे दुपारपर्यंत गेले. मी स्टूल ओढलं, वर चढले, फ्रेम दोन्ही हातांनी धरली आणि भिंतीकडे तोंड होतं तेवढ्यात रडून घेतलं.

"आता?" मी विचारलं.

"वर," ताई म्हणाल्या.

"आता?"

"खाली. तुझं ना..." ताई म्हणाल्या, आणि मी फ्रेम धरून पुढच्या शब्दाची वाट बघत उभी राहिले.